नॅट : विमान भारी होतं की उडवणारे?

ढगातला_वाटसरू (धागाकर्ता)

बरेच दिवस हा धागा काढायचं डोक्यात होतं, आज सुट्टी आहे म्हणून बसलोच. झालं काय, परवा एका ग्रुपवर कुणीतरी नॅटचा (आपल्या हवाई दलाचं ते छोटं जुनं फायटर जेट) फोटो टाकला, खाली नेहमीचं "सेबर स्लेयर" (सेबर म्हणजे तेव्हाचं पाकिस्तानी फायटर) वगैरे, आणि लगेच दुसऱ्याने लिहिलं की हा सगळा फुगा आहे, विमान डबा होतं, इंग्रजांनी स्वतः घेतलं नाही आणि आपल्या गळ्यात मारलं. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात म्हणून इथे लिहितोय, इथली मंडळी निदान वाचून भांडतात.

आधी विमान. नॅट काढलं टेडी पेटर नावाच्या माणसाने, फॉलंड कंपनीत. गंमत म्हणजे कॅनबेरा बाँबरही त्याचंच आणि त्याआधीचं लायसँडरही त्याचंच, म्हणजे आपल्या हवाई दलाने ह्या एका माणसाची तीन विमानं युद्धात वापरली आणि आपल्याकडे त्याचं नावही कुणाला माहीत नाही. पेटरचं म्हणणं असं की फायटर विमानं दिवसेंदिवस जाडी आणि महाग होत चाललीयेत, त्यापेक्षा एक छोटं, हलकं, स्वस्त विमान काढू जे भरपूर बनवता येईल. १९५५ साली नॅट पहिल्यांदा उडालं. रॉयल एअर फोर्सने फायटर म्हणून घेतलं नाही हे खरंय, पण दोन सीटचं ट्रेनर घेतलं, रेड ॲरोजवाले (त्यांचं हवाई कसरतींचं पथक) १९७९ पर्यंत तेच उडवत होते. फायटर घेतलं ते मुख्यतः आपण, थोडी फिनलंडने. १९५६ ला करार झाला आणि एचएएलने बेंगळुरूला बनवायला सुरुवात केली. ज्या देशाला नुकतंच जेट बनवायला शिकायचंय त्याला हे झेपेल असं विमान होतं, "गळ्यात मारलं" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

आकाराचा अंदाज द्यायचा तर पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेसात मीटरच्या आत. सेबरची सव्वाअकरा. रिकाम्या नॅटचं वजन २२०० किलोच्या आसपास, सेबर त्याच्या दुपटीहून जास्त. आकाशात समोरून येणारं नॅट म्हणजे एक ठिपका, त्याला डोळ्यांनी शोधायचं आणि तेव्हाची लढाई तर सगळी डोळ्यांचीच.

आता ज्याच्यासाठी धागा काढला ते. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. १९४८ पासूनच्या करारामुळे श्रीनगरला एरवी हवाई संरक्षणाची विमानं ठेवत नव्हते, युद्ध सुरू झाल्यावरच १८ स्क्वाड्रनची नॅटं तिथे गेली. म्हणजे पोरांना ना ती दरी ओळखीची, ना ती थंडी, ना ती उंची, धावपट्टीच जवळजवळ साडेपाच हजार फुटांवर. त्या सकाळी तयारीत बसलेली जोडी होती फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन आणि त्यांचा नंबर टू फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों. लुधियाना जिल्ह्यातला मुलगा, वडीलही हवाई दलातलेच, १९६७ ला कमिशन मिळालेलं. सगळ्यांना "ब्रदर" म्हणायचा म्हणून स्क्वाड्रनमध्ये त्याचंच नाव ब्रदर पडलं होतं.

पेशावरहून सहा सेबर आली. चार बाँब घेऊन, दोन राखणीला वर. घुम्मन आधी धावपट्टीवर निघाले, त्यांच्या नॅटच्या मागे एवढा धुरळा उडाला की सेखोंला काही क्षण थांबावं लागलं आणि तेवढ्यात बाँब पडायला लागले. अशा वेळी माणूस काय करतो? विमान सोडून खंदकात उडी मारली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ह्याने थ्रॉटल पुढे ढकलला. पडणाऱ्या बाँबमधून टेकऑफ केला, चाकं आत जातायत न जातायत तोवर बाँब टाकून पुन्हा एकत्र येणाऱ्या दोन सेबरच्या मागे लागला. घुम्मन यांची आणि त्याची नजरभेट तुटली ती तुटलीच, धुकट हवा होती, त्यांना पुन्हा काही तो दिसला नाही. पुढची लढाई सेखों एकटा लढला, झाडांच्या उंचीवर. एकाला गोळ्या लागल्या, दुसऱ्याला आग लागली असं आपल्या सायटेशनमध्ये, म्हणजे पदकाच्या सरकारी मानपत्रात आहे. मग वरची राखणीची सेबर खाली आली आणि त्यांच्यातल्या सलीम बेग मिर्झाने त्याला मागून गाठलं. विमान श्रीनगर गावाकडून तळाकडे येणाऱ्या रस्त्याजवळच्या घळीत सापडलं, तो सापडला नाही. परमवीर चक्र, हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव.

तर प्रश्न असा, हे नॅटमुळे जमलं की सेखोंमुळे? दुसरं कुठलं विमान असतं, समजा हंटर, तर तो त्या परिस्थितीत सेबरच्या मागे पोचला असता का? मला वाटतं नसता. पण मग विमानाचं श्रेय किती? लिहा.

चिंचोका

वा! वाखु (वाचनखूण) साठवली. पेटरचं माहीत नव्हतं, लायसँडर आणि नॅट एकाच माणसाचं, कुठे ते लांब पायांचं बगळ्यासारखं विमान आणि कुठे हे. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

नाकतोडा

लेख चांगला पण एक टोचणी. "दोन सेबर पाडली" हे जे सगळीकडे फिरतं (तुम्ही लिहिलं नाहीये, मान्य) त्याबद्दल बोला की कुणीतरी. पाकिस्तानी बाजूचं म्हणणं आहे की सहाच्या सहा परत गेली. आपण एक आकडा सांगायचा, त्यांनी दुसरा सांगायचा, आणि मग शूरपणाची गोष्ट आकड्यावर टांगून ठेवायची, मला हे बरोबर वाटत नाही.

ढगातला_वाटसरू

@नाकतोडा, तुमची टोचणी आवडली, खरं तर ह्यासाठीच मी सायटेशनचे शब्द जपून लिहिले. नीट वाचा, सायटेशनमध्ये "पाडली" नाहीये. एकावर गोळ्या लागल्या आणि एक पेटवलं एवढंच आहे. म्हणजे सरकारी कागदाने जेवढं म्हटलं त्याच्यापेक्षा जास्त आपण फॉरवर्डमध्ये वाढवून ठेवलं. गोळ्या लागलेलं विमान घरी जाऊ शकतं. १९६५ चंच उदाहरण आहे, ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी सेबर मारलं, आपल्याकडे तो पहिला विजय म्हणून गाजला, वीरचक्र मिळालं, आणि तो सेबरवाला युसुफ अली खान मोडकं विमान घेऊन सरगोध्याला उतरला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. कीलर यांना समोर धूर काढत खाली जाणारं विमान दिसलं, खानला स्वतःचं विमान धावपट्टीवर उभं दिसलं.

नाकतोडा

हे पटलं. ह्या हिशेबाने श्रीनगरचीही दोन्ही म्हणणी एकत्र नांदू शकतात.

उपाशी_बोका

मुळात सहा विरुद्ध एक मध्ये किती पाडली हा प्रश्नच का पडावा? तो हवेत गेला हीच बातमी आहे. बाकी ते बाँब टाकून परत जाणारे, त्यांना तसंही घर गाठायची घाई, इंधन मोजून आलेले, अशात एक माणूस मागे लागला की सगळं गणित बिघडतं. पुन्हा वळून दुसऱ्यांदा मारा करायला यावं असं कुणाला वाटणारे?

खडूस_काकू

बोक्याला +१. आणि धागाकर्ते, "मुलगा" "पोरं" काय लावलंय, अधिकारी होते ते. 🙂 (माझा भाऊ पण नेव्हीत होता म्हणून टोचलं, राग नको.)

ढगातला_वाटसरू

काकू, कान पकडले. पण त्यांचा तो पगडीतला हसरा फोटो बघितला की तोंडातून "पोरगा"च येतं हो.

वेपनफिटर_निवृत्त

मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. पण नॅट म्हटल्यावर राहवेना. मी युद्धानंतर नॅटवर आलो, म्हणजे श्रीनगरचं डोळ्यांनी बघितलेलं काही नाही, ते आधीच सांगून ठेवतो. विमान मात्र हाताखालून गेलंय.

नॅटला दोन एडन तोफा, ३० मिलिमीटरच्या, इनटेकच्या (इंजिनाला हवा घेणारी तोंडं) बाहेरच्या भिंतीत, एक डावीकडे एक उजवीकडे. प्रत्येकीला ११५ गोळ्या. ही तोफ मिनिटाला बाराशेच्या वर मारते म्हणजे सेकंदाला वीस धरा, ११५ गोळ्या संपायला सहा सेकंदही लागत नाहीत. ट्रिगर दाबून धरला तर "एक वाघीण दोन वाघीण" म्हणत सहापर्यंत जा, संपलं, तुम्ही आता नुसते प्रवासी. त्यामुळे पायलट अर्धा अर्धा सेकंद, एक सेकंद असं मारायचे. सेखों साहेबांनी दोन विमानांवर मारलं म्हणता तेव्हा हे लक्षात घ्या की त्यांच्याकडे पूर्ण लढाईसाठी एवढाच खुर्दा होता. मिसाइल वगैरे नॅटला काही नाही.

भरणं म्हणाल तर हंटरचं काम राजेशाही, चार तोफांचा अख्खा पॅक विंचने खाली उतरवायचा आणि भरलेला दुसरा वर चढवायचा. नॅटला सगळं हाताने. एक गोळी अर्ध्या किलोच्या आसपास, अख्खा पट्टा पन्नास किलोच्या वर, तो खांद्यावर टाकून आणायचा आणि नीट घड्या घालत आत सोडायचा, घडी चुकली की पुढे पट्टा ओढला जाताना अडकणार. सोय एकच, विमान इतकं बुटकं की शिडी शोधत फिरायला नको, उभ्या उभ्या बहुतेक पॅनेलं हाताला येतात. थंडीत पहाटे मात्र ते पॅनेलचे स्क्रू बोटांचं कातडं घेऊन जायचे, हातमोजे घालून स्क्रू पकडता येत नाही आणि काढले की बोटं बधिर.

चिंचोका

काका, दंडवत. "तुम्ही आता नुसते प्रवासी" 😄

साधा_प्रश्न

काका, नॅटच्या तोफा जाम व्हायच्या असं वाचलंय ते खरं का?

वेपनफिटर_निवृत्त

खरं. ६५ मध्ये तर बऱ्याच जणांना ऐन वेळी त्रास झाला, समोर सेबर आणि तोफ गप्प, ह्याच्यासारखं दुर्दैव नाही. नंतर सुधारणा झाल्या, ७१ पर्यंत फरक पडला. पण एक सांगतो, तोफ अडकणं म्हणजे लोकांना वाटतं तोफ खराब, बहुतेक वेळा गोळ्यांचा पट्टा नीट ओढला न जाणं हे कारण असतं. आणि पायलट परत आल्यावर पहिल्यांदा बघणार कुणाकडे? आमच्याकडे. काही बोलायचे नाहीत, नुसते हेल्मेट काढून बघायचे. ते बघणं शिवीपेक्षा वाईट.

नाकतोडा

मग "डबा" म्हणणारे अगदीच चुकीचे नव्हते तर.

पतंग_पसारा

डबा नाही पण लाडावलेलं कार्टं नक्की. थोडं मीही लिहितो, विमानं हा माझा जुना नाद. नॅटची मोठी डोकेदुखी हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) आणि शेपटीचं कंट्रोल. मागचा आडवा पंख अख्खा हलणारा, तो हायड्रॉलिकवर चालायचा, ते गेलं की मॅन्युअलवर उडवायचं आणि मॅन्युअलवरचं नॅट म्हणजे वेगळंच जनावर, नवख्याच्या हातात फार धोक्याचं. शांततेच्या काळात अपघात काही कमी झाले नाहीत. पोटात इंधनही थोडंसंच, पंखाखालच्या टाक्या टाकून लढाईला लागलात की घड्याळ सुरूच. आणि एक मजेशीर इंजिनिअरिंग, वेगळे एअरब्रेक द्यायला जागा नव्हती म्हणून चाकंच थोडीशी खाली काढून ब्रेक म्हणून वापरायची. हवेत वेग मारायचा असेल तर चाकं अर्धवट बाहेर! पेटरबुवांनी प्रत्येक भागाला दोन दोन नोकऱ्या लावल्या होत्या.

पण हेच वजन कमी ठेवल्यामुळे ऑर्फियस इंजिन त्याला वर असं खेचायचं की सेबरला त्याच्याबरोबर चढणं जमायचं नाही, आणि वळण्यातही ते कुणाला ऐकायचं नाही. एवढा पल्ला, एवढ्या गोळ्या, एवढं इंधन हे सगळं विकून त्याने दोनच गोष्टी विकत घेतल्या, चढणं आणि न दिसणं. श्रीनगरला सेखोंना नेमक्या ह्याच दोन हव्या होत्या, शत्रू दारात आलेला, लांब जायचंच नाही, टेकऑफ केल्या केल्या गाठायचं. म्हणून माझं उत्तर, त्या सकाळपुरतं तरी विमानाला चाळीस टक्के तरी द्या. (आकडा माझ्या मनाचा आहे, पुरावा मागू नका.)

उपाशी_बोका

टक्केवारी काढणाऱ्यांचा निषेध.

गोदाकाठ

कुणी पसरूरच्या नॅटबद्दल लिहीत का नाहीये? विमान आणि त्याचा पायलट म्हटल्यावर मला आधी ते आठवतं.

चिंचोका

@गोदाकाठ लिहा की मग. मला काही माहीत नाही.

गोदाकाठ

बरं. तोच ३ सप्टेंबर १९६५ चा दिवस ज्या दिवशी कीलर यांनी सेबर मारलं. १ सप्टेंबरला जम्मू सीमेवरच्या छंबला आपली चार व्हँपायर पडली होती, जुनी विमानं, सेबरसमोर काय टिकणार. म्हणून २३ स्क्वाड्रनची नॅटं पठाणकोटला पुढे आणली. बेत असा की मिस्टीअर विमानं उंचावर आमिषासारखी दाखवायची, नॅटं खाली रडारला न दिसता यायची आणि सेबर आमिषाला लागली की खालून वर झडप. बेत जमला, झटापट झाली, आणि त्या गडबडीत स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद बाकीच्यांपासून सुटले. इंधन संपत आलेलं, खाली धावपट्टी दिसली, आपलीच समजून उतरले. ती होती पाकिस्तानातली पसरूरची. विमान धड, पायलट धड, आणि दोन्ही कैदेत.

पाकिस्तानचं म्हणणं वेगळं, त्यांच्या मते स्टारफायटर जेटमधल्या हकीमुल्ला यांनी नॅटला खाली उतरायला भाग पाडलं. आपल्याकडचे म्हणतात की स्टारफायटर तिथे होतं नव्हतं ह्याचा संबंध नाही, माणूस वाट चुकला. मग त्यांच्यातले साद हतमी, ज्यांनी इंग्लंडात नॅट उडवलेलं होतं, त्यांनी ते पसरूरहून सरगोध्याला उडवत नेलं. आज ते कराचीला त्यांच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये उभं आहे, नंबर आयई १०८३.

मला ह्यात काय खटकतं सांगू? सेखोंच्या विमानाचा लोखंडाचा तुकडा झाला आणि त्याच्या पायलटचं नाव देशभर. सिकंद यांचं विमान साठ वर्षं जसंच्या तसं रंगवून ठेवलंय आणि पायलटच्या वाट्याला फक्त "तो चुकून उतरलेला". काचेच्या छोट्या कॉकपिटमध्ये बसून, पहिल्याच खऱ्या लढाईत, चहूबाजूंनी सगळं सारखंच दिसणाऱ्या सपाट पंजाबवर, सुई लाल रेषेकडे जात असताना धावपट्टी दिसली तर तुम्ही आम्ही काय केलं असतं?

खडूस_काकू

गोदाकाठ, हे फार छान लिहिलंत. ह्यावर वेगळा धागा काढा.

नाकतोडा

सहमत. पण "भाग पाडलं" हा दावा अगदीच उडवून लावू नका, डोक्यावर स्टारफायटर घिरट्या घालत असेल तर माणसाचा निर्णय बदलतोच की. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात, वर तुम्ही मंडळींनीच मला हे शिकवलंत. 😏

गोदाकाठ

😄 घ्या, माझंच कोलीत.

पतंग_पसारा

आणि हकीमुल्ला पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले! अजून एक जोडा ह्याला. २२ नोव्हेंबर १९७१, बोयरा, पूर्व पाकिस्तानच्या (आताच्या बांगलादेशच्या) सीमेवर. युद्ध जाहीर व्हायच्या आधी दहा-बारा दिवस, गरीबपूरच्या लढाईच्या वेळी ढाक्याहून सेबर यायची. डमडमहून २२ स्क्वाड्रनची चार नॅटं उठली, मॅसी, गणपती, लाझारस, सोरेस. दोन-तीन मिनिटांत खेळ आटोपला, दोन सेबर पडली, तिसरं घायाळ होऊन परत गेलं. पडलेल्यांपैकी एक पायलट परवेझ मेहदी कुरेशी, छत्रीने उतरले आणि पकडले गेले. ते १९९७ साली पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. म्हणजे एक प्रमुख नॅट उतरवल्याचं सांगणारा आणि एक प्रमुख नॅटने पाडलेला! मेहदी प्रमुख झाल्यावर त्यांना पाडणाऱ्या लढाईतल्या लाझारस यांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, आणि उत्तर आलं देखील. मला ती सेबर वगैरे पडल्यापेक्षा हे पत्र जास्त आवडतं.

उपाशी_बोका

पत्रात काय लिहिलं असेल, "त्या दिवशीबद्दल माफ करा, प्रमोशनबद्दल अभिनंदन"?

ढगातला_वाटसरू

😂

बोयरा आणि श्रीनगर शेजारी ठेवले की मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. बोयराला जमिनीवरचा रडार कंट्रोलर नीट दिशा देत होता, चार विमानं जोडीजोडीने, एकमेकांची शेपूट राखत, उंची हातात. तिथे नॅट पुस्तकात लिहिल्यासारखं लढलं. श्रीनगरला ह्यातलं काहीच नव्हतं. जोडीदार दिसत नाही, उंची नाही, वेग नाही कारण आत्ताच जमिनीवरून उठलोय, आणि फायटर पायलटला शिकवलेला पहिला धडा की शेपूट राखायला कुणी नसेल तर गुंतू नकोस. तो धडा सेखोंनी बाजूला ठेवला. रेडिओवर शेवटपर्यंत बोलत होते, आपण दोन सेबरच्या मागे आहोत आणि त्यांना सोडणार नाही असं. शेवटी विमानाला मार बसल्याचं सांगून घुम्मनना हाक मारली.

पालमच्या म्युझियममध्ये नॅट बघायला गेलो होतो तेव्हा आधी हसूच आलं, एवढंसं. बाजूला हंटर वगैरे उभी, त्यांच्यात हे म्हणजे मोठ्यांच्या फोटोत पुढे बसवलेलं लहान पोर. मग कॉकपिटजवळ गेलो. माझे खांदे त्यात मावणार नाहीत, खरंच सांगतो. दोन्ही बाजूंना कोपर टेकेल एवढीच जागा. आणि अशा जागेत पगडीवाला सरदारजी मान पूर्ण मागे वळवून आपल्या शेपटीला कोण लागलंय ते बघायचा प्रयत्न करतोय, झाडं पोटाखालून जातायत. तिथे बराच वेळ उभा राहिलो.

खडूस_काकू

लुधियानाला त्यांचा पुतळा आहे आणि शेजारी नॅट ठेवलंय. आम्ही गेलो होतो. लोक पुतळ्याबरोबर फोटो काढतात, विमानाकडे मागे वळून बघत पण नाहीत. आणि हो, अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचं नाव दिलंय, २१ परमवीरांची नावं २१ बेटांना दिली त्यात.

चिंचोका

शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला पण त्यांचं नाव होतं ना?

पतंग_पसारा

हो, परमवीर चक्रवाल्यांच्या नावाची टँकर जहाजं होती त्यात एक सेखोंच्या नावाचं. एवढ्याशा विमानातला माणूस आणि एवढं अवाढव्य जहाज.

साधा_प्रश्न

एक विचारू का, राग नका मानू. सेखों बाहेर का पडू शकले नाहीत? कॅनपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) उडालेली दिसली असं वाचलंय. म्हणजे त्यांनी इजेक्ट केलं होतं ना?

वेपनफिटर_निवृत्त

सीटसुद्धा आमच्याच ट्रेडकडे असायची म्हणून मी सांगतो. नॅटची सीट फॉलंडची हलकी सीट, विमानासारखीच छोटी. आजकालच्या सीट जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला वाचवतात, ती तशी नव्हती. तिला खाली थोडी उंची लागायची आणि विमान सरळ असावं लागायचं. आधी कॅनपी जाते, मग सीट रुळावरून वर सुटते, मग सीट आणि माणूस वेगळे होतात, मग छत्री उघडते. प्रत्येक पायरीला सेकंदाचा तुकडा लागतो आणि तेवढ्या वेळात विमान पण खालीच येत असतं. झाडांच्या उंचीवर, मार लागलेल्या विमानात, ह्या सगळ्या पायऱ्या बसत नाहीत. कॅनपी उडालेली दिसली म्हणजे पहिली पायरी झाली होती.

विमान सोडताना सीटच्या सेफ्टी पिना काढून आम्ही पायलटला हात वर करून दाखवायचो, लाल पट्ट्या लटकलेल्या असतात त्यांना. तो मोजायचा, मान हलवायचा, मग कॅनपी बंद. कितीही घाई असली तरी तेवढं व्हायचंच.